घरची फुलं आणि भाजी गल्लीत विकायची असेल तर

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की आपल्याला भाजीवाल्याशी किंवा हारवाल्याशी स्पर्धा करायची नाहीये. कांदे, बटाटे, कोबी, गुलाब, निशिगंध हे सगळं मार्केट यार्डातून गाड्या भरून येतं, त्या भावात अंगणातल्या मालाचं गणित कधीच बसणार नाही. मग आपण विकायचं काय, तर जे गाडीतून येताना टिकतच नाही ते. जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटून जाते, पारिजातक पहाटे पडतो आणि ऊन चढलं की संपला, अळूची पानं दोन तास उघड्यावर राहिली की माना टाकतात, गवती चहा, कढीपत्त्याची कोवळी डहाळी, दूर्वा, बेल, शेवग्याचा पाला, हा सगळा तासांचा माल आहे. तो मंडईत मिळतो पण शिळा मिळतो, आणि तुमच्याकडे मात्र तो दारात आहे. एवढी एकच गोष्ट आपल्या बाजूने आहे पण ती फार मोठी आहे, बाकी सगळं हिच्याभोवतीच बसवायचं.

आमचं घर साताऱ्यात, मागे थोडी मोकळी जागा आहे, सासूबाई आणि मी मिळून हे करतो. खाली जे लिहितेय ते गाव, तालुका, शहराचं उपनगर अशा ठिकाणी कुठेही चालेल, फक्त फुलाभाज्या तुमच्याकडच्या घ्या. कोकणात असाल तर सोनचाफा आणि अबोली, देशावर असाल तर मोगरा, शेवंती, झेंडू. सोनचाफा लावायचाच असेल तर बियांचं झाड नका लावू, त्याला फुलं यायला बरीच वर्षं जातात, कलम आणा, ते लवकर फुलतं आणि झाड फार उंचही जात नाही म्हणजे तोडायला सोपं.

सुरुवात करताना बियाणं आणायच्या आधी एक आठवडा नुसतं गल्लीत लक्ष ठेवा. सकाळी पूजेची फुलं लोक कुठून आणतात, कोण दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं तोडतंय (हे तर प्रत्येक कॉलनीत असतंच), मंदिर किती लांब आहे, जवळपास आजी-आजोबा जास्त आहेत की नोकरीवाली तरुण घरं, दाक्षिणात्य कुटुंबं आहेत का. तशी असतील तर गजरा आणि कढीपत्ता रोज जाणार हे समजा. नोकरीवाली घरं असतील तर निवडलेली मेथी, सोललेले वाल, असलं काहीतरी संध्याकाळी लागणार, त्यांना सकाळी तुमच्यासमोर उभं राहायला वेळ नसतो.

पंचांग बघून लावा

हा भाग नीट वाचा कारण खरी कमाई इथेच आहे. रोजची पूजेची फुलं जातात, पण ती दहाच्या पुडीने जातात, सणाच्या आदल्या दिवशी आणि सणाच्या पहाटे मात्र सगळी गल्ली एकाच वेळी एकच वस्तू शोधत असते.

श्रावणात सोमवारी बेल लागतो. तीन दलांचं अखंड पान पाहिजे, किडलेलं, भोक पडलेलं, फाटलेलं कोणी घेत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी बसून निवडून ठेवा. मंगळागौरीला पत्री आणि आघाडा लागतो. आघाडा तर पावसाळ्यात कुठेही उगवतो म्हणून आपण उपटून टाकतो, कुंपणाच्या कडेला थोडा राहू द्या की! भाद्रपदात गणपतीला दूर्वा, लाल जास्वंद, पत्री, केळीची पानं. दूर्वांची जुडी एकवीसची बांधायची, कोवळ्या आणि टोकाला तीन पाती असलेल्या, आणि हे काम वेळखाऊ आहे, घरातल्या सगळ्यांना बसवल्याशिवाय होत नाही. पण शहरात राहणाऱ्या माणसाला दूर्वा निवडायला जागाच उरली नाही त्यामुळे नीट निवडलेली जुडी तो दोन पैसे जास्त देऊनही घेतो.

आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. हा दिवस आपल्यासारख्यांसाठीच आहे असं मला मनापासून वाटतं. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, माणसाने हाताने लावलेलं, परसातलं, आपोआप उगवलेलं असंच लागतं. आता बाजारात घेताना कोण सांगणार कुठल्या शेतातलं आहे ते, आणि इथे तुम्ही छातीठोक सांगू शकता की हे आमच्या मागच्या दारी कुदळीने खणून लावलंय. अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याची कणसं, अंबाडी, प्रत्येकाचं थोडं थोडं घेऊन एका घराला पुरेल असा एकच वाटा करा. बायकांना दहा ठिकाणी दहा भाज्या पाव-पाव किलो घेत फिरावं लागतं, ते वाचतं. ऑर्डर चार दिवस आधी घ्या, आमच्याकडे तर हा वाटा टोपलीत ठेवायची वेळच येत नाही, सगळा आधीच सांगून ठेवलेला असतो.

दसऱ्याला झेंडू सगळेच विकतात आणि त्या दिवशी भाव कधी आभाळाला भिडतो तर कधी दुपारनंतर रस्त्यावर ढीग टाकून लोक निघून जातात. म्हणून झेंडू लावा पण सगळी जागा त्यालाच देऊ नका. बी टाकल्यापासून भरपूर फुलं येईपर्यंत अडीच ते तीन महिने धरा, म्हणजे साधारण आषाढी एकादशीच्या आसपास बी टाकलं की दसऱ्याला बरोबर येतो, फक्त ज्या वर्षी मध्ये अधिक महिना येतो त्या वर्षी तिथीवर न जाता दिवस मोजून घ्या. रोपं लावल्यावर महिनाभराने शेंडे खुडा, फांद्या जास्त फुटतात आणि फुलं एकदम येतात. दसऱ्याला उरलेली रोपं काढू नका, खाली वाळलेली फुलं खुडत राहिलात तर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पुन्हा तोडा मिळतो.

मार्गशीर्षातले गुरुवार शेवंतीचे. शेवंतीची काशी, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेला कोंब, उन्हाळ्याच्या शेवटी लावायची, दिवस लहान व्हायला लागले की ती कळीवर येते. यात एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, शेवंतीला रात्रीचा अंधार लागतो, रस्त्याचा दिवा किंवा पोर्चचा बल्ब रात्रभर अंगावर असेल तर ती नुसती पानांनी वाढते आणि कळी धरतच नाही. तेव्हा वाफा दिव्यापासून लांब घ्या. गुरुवारी कलशात ठेवायला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात, त्या शेवंतीबरोबर बांधून एकच जुडी करून ठेवा.

मग पौषात भोगी आणि संक्रांत. वाल-पावट्याच्या शेंगा, घेवडा, कोवळी वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरं, यातलं जे तुमच्याकडे आहे त्याचा भोगीच्या भाजीचा वाटा. आणि मोगरा उन्हाळ्याचा, त्याला थंडीत पाणी तोडून छाटणी करा, जानेवारीत शेणखत देऊन पाणी सुरू करा, मार्चपासून कळ्या मिळायला लागतात, लग्नसराईत गजऱ्याला मरण नाही. कोकणातल्यांनी गोकुळाष्टमीचा शेवग्याचा पाला विसरू नये, त्या दिवशी शेवग्याची भाजी पाहिजेच असते.

रोजची पालेभाजी

पालेभाजीत एकच नियम, सगळं एकदम पेरू नका. मेथी पंचवीस-तीस दिवसात येते, वाफ्याचे चार भाग करा आणि दर आठवड्याला एकेक भाग पेरा म्हणजे दर आठवड्याला एक भाग काढायला मिळतो. एकदम पेरली की एका दिवशी ढीगभर मेथी आणि पुढचे तीन आठवडे काही नाही, मग गिऱ्हाईक दुसरीकडे लागतं आणि एकदा लागलं की लागलंच. पालक, चुका, पुदिना, अंबाडी यांची पानं खुडत राहता येतं, मुळापासून उपटायची नाहीत.

अळूबद्दल एक मात्र फार जपून. वडीचं अळू वेगळं, फतफत्याचं वेगळं, आणि रानातलं खाजरं तिसरंच. ज्याची वडी तुम्ही स्वतः घरी करून खाल्लीय तेच विका, कुणाच्या घशाला एकदा खाज सुटली की ते घर तर गेलंच, त्याच्या आजूबाजूची चार घरंही गेली. अळूबरोबर चुक्याची छोटी जुडी आणि एक मुळा ठेवलात तर अख्ख्या फतफत्याची तयारी एका हातात होते. तसंच गवती चहा, पुदिना आणि आल्याचा तुकडा एकत्र बांधा, पावसाळ्यात ती जुडी पहिली संपते.

कीड पडली तर कडुलिंबाचं तेल, ताक, हातानं वेचणं, यावर भागवा. विकायच्या पालेभाजीवर दुकानातलं औषध मारू नका, आणि मारलंच असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत एक पानसुद्धा विकू नका. लोक घरचं म्हणून घेतात, लहान मुलांना देतात, तो विश्वास पैशाने परत येत नाही हो.

तोडणी आणि मांडणी

जास्वंदीच्या कळ्या आदल्या संध्याकाळी तोडल्या तरी दुसऱ्या दिवशी उमलतात, म्हणून पूजेसाठी कळ्याच विकणं सोयीचं, गिऱ्हाइकाच्या घरी देवासमोर फूल उमलतं. कळ्या भिजवून ठेवू नका, पाकळ्या चिकटतात, ओलसर फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. मोगऱ्याची कळी उमलायच्या आधीच, पांढरी आणि टपोरी झाली की तोडायची, ती संध्याकाळी उमलते आणि तेव्हाच गजरा विकायचा असतो. अबोलीला वास नाही पण टिकते फार छान, तिच्यावर पाणी मारायचं नाही, डाग पडतात. गजरा ओवायला केळीचं सोपट भिजवून त्याचा दोरा काढलात तर फूल कापलं जात नाही आणि निर्माल्यातही ते कुजून जातं, नायलॉनच्या दोऱ्यासारखं मागे उरत नाही. पारिजातक खाली चादर पसरून गोळा करा आणि केळीच्या किंवा कर्दळीच्या पानात बांधून द्या, हातात घेऊन जाईपर्यंत पिचतो नाहीतर.

पालेभाजी एकतर भल्या पहाटे काढा नाहीतर ऊन उतरल्यावर. धुवून ओली मांडू नका, दिसायला छान दिसते पण आतून लवकर सडते, माती झटकायची, मुळं राहू द्यायची आणि वर ओलं गोणपाट. अळूचे देठ पाण्यात उभे ठेवायचे.

सकाळी साडेसहा ते साडेआठ फुलं, संध्याकाळी पाच ते सात गजरे आणि भाजी, बस. दिवसभर बसायची काही गरज नाही, उलट ठरलेली वेळ असली की लोक त्या वेळेला येतात. स्टॉल म्हणजे एक घडीचं टेबल, दोन वेताच्या टोपल्या, पाण्याची बादली, फडकं आणि एक पाटी. पाटीवर भाव लिहाच, सगळ्यांना विचारायला जमत नाही, काही जण भाव विचारायच्या संकोचानेच पुढे निघून जातात. प्लास्टिकच्या पिशव्या तर राज्यात २०१८ पासून बंदच आहेत, पान, कागदाची पुडी किंवा गिऱ्हाइकाची स्वतःची पिशवी. रद्दी पेपर फुलांना चालतो, चिरलेल्या किंवा ओल्या भाजीला शाई लागते तेव्हा तिथे नको.

भाव कसा ठरवायचा

आदल्या संध्याकाळी मंडईत एक चक्कर मारा, त्या भावाच्या खाली कधी जाऊ नका. हे मी पैशासाठी सांगत नाहीये. कोपऱ्यावर जी मावशी पहाटे मार्केटमधून फुलं आणून विकते तिचं घर त्यावर चालतं, आणि आपण हौसेने निम्म्या भावात विकलं तर तिच्या पोटावर पाय येतो. तिला आधी जाऊन भेटा, तुमच्याकडे काय असणार ते सांगा, तिच्याकडे जे आहे ते तुम्ही ठेवू नका, बहुतेक वेळा तीच तुमच्याकडून बेल आणि दूर्वा घाऊकमध्ये घेऊन जाईल. सुरुवातीला तर असं घाऊक गिऱ्हाईक असणं फार आधाराचं होतं.

वजनावर विकायचं टाळा. वजनकाटा वापरायचा म्हटलं की तो वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारलेला पाहिजे, स्वयंपाकघरातला छोटा काटा धंद्याला चालत नाही. जुडी, वाटा, पुडी, नग अशा हिशोबाने विका, दहा आणि वीसच्या पटीत, म्हणजे सुट्ट्यांची भानगड राहत नाही. भवानी होईपर्यंत उधार देऊ नका असं सासूबाई सांगतात आणि ते मी पाळते. वरती चार मिरच्या, दोन कढीपत्त्याच्या काड्या घातल्या की माणूस खूश होऊन जातो, भाव कमी करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

क्यूआर कोड लॅमिनेट करून टेबलाला चिकटवा. गर्दीच्या वेळी समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट बघून सोडून देऊ नका, आपल्या फोनवर पैसे जमा झालेले बघा, सणाच्या दिवशी तर नक्कीच.

जागा आणि कायदा

स्वतःच्या गेटच्या आत बसता आलं तर सगळ्यात उत्तम. सोसायटी असेल तर कमिटीकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी हो म्हणालेले सेक्रेटरी पुढच्या वर्षी बदलतात. फूटपाथवर किंवा रस्त्यावर बसायचं म्हटलं की पथविक्रेता कायदा २०१४ येतो, त्यात नगरपालिका-महापालिकेकडून सर्वेक्षण होतं आणि विक्रीचं प्रमाणपत्र मिळतं, ते नसेल तर अतिक्रमणाची गाडी कधीही येऊन टोपली उचलू शकते. आठवड्यातून दोन दिवस बसणाऱ्याने त्या फंदात न पडता गेटचा आतला कोपरा बघावा असं माझं मत. पीएम स्वनिधीचं कर्ज रोज रस्त्यावर विकून पोट भरणाऱ्यांसाठी आहे, परसातल्या मालाला कर्ज काढूच नका, जेवढं उगवतं तेवढंच विकायचं आहे.

फळं-भाजीपाला राज्यात २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, त्यामुळे पिकवणाऱ्याने थेट गिऱ्हाइकाला द्यायला त्या बाजूने अडचण नाही. माल जरा जास्त निघायला लागला तर जवळपास संत सावता माळी आठवडे बाजार भरतो का ते पणन मंडळाकडे विचारा, तिथे शेतकऱ्यांना आणि गटांना बसता येतं. गोव्याजवळ असाल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकदा बघून या, गावागावातल्या बायका परसातलं थोडं थोडं घेऊन कशा बसतात, कसं मांडतात, ते बघून खूप शिकायला मिळतं. आणि हो, ताजी भाजी-फुलं सोडून लोणचं, चटणी, पीठ असं काही करून विकायला लागलात तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

आणि फुलं आपल्याच झाडाची हवीत. बागेतली, मंदिरातली, रस्त्यावरच्या झाडाची तोडून विकली तर गल्लीला दोन दिवसात कळतं. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडून आणण्याचा तर विचारही नको, आपल्या दारात झाड असेल तर मोजकी पानं खुडा.

व्हॉट्सॲप, वही आणि उरलेला माल

गल्लीचा किंवा सोसायटीचा ग्रुप असतोच, पण तिथे रोज पोस्ट टाकली की लोक वैतागतात, म्हणून ज्यांना हवंय त्यांचीच वेगळी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. रात्री आठला एकच मेसेज, उद्या काय आहे, किती आहे, भाव काय. "जास्वंद कळ्या, बेल, अळू पाच जुड्या, चुका" एवढंच. फोटो त्याच दिवशीचा टाका. नऊपर्यंत जे सांगतील त्यांचं बाजूला काढून ठेवायचं, आणि बाजूला ठेवलंय म्हणजे ठेवलंय, समोर दुसरं गिऱ्हाईक जास्त पैसे देत असलं तरी ते द्यायचं नाही.

वहीत काय विकलं ते सगळे लिहितात, तुम्ही काय उरलं ते लिहा. दर बुधवारी पालक उरतोय, शनिवारी बेल उरतोय, महिन्याभरात सगळं लक्षात येतं आणि पेरणी त्याप्रमाणे बदलता येते. सकाळची उरलेली फुलं संध्याकाळी पाणी मारून पुन्हा मांडायची नाहीत. शेजारच्या आजींना द्या, मंदिरात द्या, नाहीतर कंपोस्टच्या खड्ड्यात. गिऱ्हाइकांना सांगा की निर्माल्य परत आणून द्या, दोरे आणि कागद काढून तेही खड्ड्यात जातं, त्याचंच खत पुन्हा जास्वंदीला, आणि लोक निर्माल्य द्यायला आले की चार जुड्या घेऊनच जातात.

एक प्रश्न सगळ्यांना पडतो, की मागणी वाढली आणि माल कमी पडला तर मंडईतून आणून भर घालावी का. माझं स्पष्ट उत्तर नाही. लोक तुमच्याकडे घरचं म्हणून येतात, त्यात बाहेरचं मिसळलं तर आपण नुसते एक महागडे भाजीवाले उरतो. त्याऐवजी शेजारच्या दोन-तीन घरांना बरोबर घ्या, एकाकडे कढीपत्त्याचं झाड असतं, दुसऱ्याकडे लिंबू, तिसऱ्याकडे केळीची पानं, आणि त्यांचं नुसतं वाया जात असतं. प्रत्येकाच्या टोपलीवर घराचं नाव लिहा, ज्याचं जेवढं विकलं तेवढे पैसे त्याला, बसणाऱ्याला त्यातला ठरलेला थोडा वाटा, आणि हिशोब त्याच संध्याकाळी मिटवा, आठवड्यावर ढकलू नका. गावाला जाणार असाल, घरात लग्न-आजारपण असेल तर दोन दिवस आधी मेसेज टाकून ठेवा आणि त्या दिवसांपुरती टोपली शेजारणीकडे द्या, म्हणजे सकाळी साडेसहाला आलेलं माणूस रिकाम्या टेबलावरून परत जाणार नाही.